पोचलात?

"तुम्हाला फोनवर खोटं बोलता येतं का?"

वानखडे मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यांच्यासमोर मी मुलाखतीला बसलो होतो, म्हणजे बसलो फक्त मी होतो. त्या टेबलाच्या पलीकडे खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होत्या, आणि माझ्या अर्जाचा कागद त्यांनी वारा घ्यायला वापरायला घेतला होता.

"नाही येत," मी म्हटलं. मी सदाशिव पेठेत वाढलेला. आमच्याकडे खरं बोलूनच माणसं दुखावता येतात, त्यामुळे खोट्याची कधी गरज पडत नाही.

"बरं आहे. शिकूही नका. गाडी पाच मिनिटांत येतेय असं आपण सांगतो आणि सहाव्या मिनिटाला तो माणूस सूट घालून रस्त्यावर उभा असतो. गाडी कुठं आहे? वाकडच्या पुलाखाली. मग तो आपल्याला जे बोलतो ते खरं असतं. उद्यापासून या."

एवढं म्हणेपर्यंत त्यांचा एक फोन वाजला होता, दुसरा कानाला लागला होता आणि त्या दाराबाहेर गेल्या होत्या. माझ्या आधीच्या ट्रॅव्हल एजन्सीला टाळं लागून बरेच महिने झाले होते. नोकरी लागली याचा आनंद कुणाला सांगावा म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं, तर समोर फक्त अर्धा कप चहा होता. तोही त्यांचाच.

आमची कंपनी म्हणजे बाणेरच्या मागच्या अंगाला एका जुन्या गोदामात थाटलेलं ऑफिस, पुढे पत्र्याची लांबलचक शेड, आणि त्या शेडखाली उभ्या असलेल्या, आमच्यापैकी कुणालाही सात जन्मात परवडल्या नसत्या अशा गाड्या. परदेशी पाहुणे, कारखान्यांचे मोठे साहेब, लग्नं, साखरपुडे, नेत्यांचे वाढदिवस, लग्नाआधीचे फोटो. जिथं म्हणून माणसाला एक दिवस मोठं दिसायचं असतं तिथं आमची गाडी जायची. मालक अभयशेठ. सज्जन माणूस, पण प्रत्येक गाडी कर्जावर घेतलेली, त्यामुळे झोपेतही हिशेब करणारा. मी फोनवर बुकिंग घ्यायचो. आणि कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, कुठं, कधी, कुठल्या रस्त्यानं, हे सगळं बघायच्या सुनंदा वानखडे.

पन्नाशीच्या आतबाहेर वय. बुटक्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले. अंगात कुडता आणि पायात पुरुषांचे खेळायचे बूट. बायकांच्या बुटांचे तळवे महिनाभरही टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, बोलणंही पुण्याचं झालं होतं, पण चिडल्या की यवतमाळ बाहेर यायचं. "काऊन जी? गाडी कायले थांबवली?" असं फोनवर ऐकू आलं की शेडमधले सगळे आपापल्या कामाला लागायचे.

त्यांचा चहा हा आमच्याकडे एक वेगळाच विषय होता. चहा मागवायच्या, दोन घोट घ्यायच्या, आणि कप हातात घेऊनच निघायच्या. तो मग जिथं त्या थांबतील तिथं राहायचा. झाडलोट करणाऱ्या सिंधूताई सकाळभर ते अर्धे कप गोळा करत फिरायच्या: पाण्याच्या पंपावर, टायरांच्या ढिगावर, गेटच्या खांबावर, एकदा तर अभयशेठच्या देवघरात. "आज मॅडम कुठं कुठं गेल्या ते मला विचारा," सिंधूताई म्हणायच्या, "कपांवरून सांगते."

गाड्यांना त्यांनी नावं ठेवली होती. लांबडी काळी जर्मन गाडी म्हणजे 'मोठ्या काकू'. लग्नात जाणारी पांढरी शुभ्र ती 'माहेरवाशीण'. टप उघडणाऱ्या लाल गाडीचं नाव इथं सांगण्यासारखं नाही. ही नावं गिऱ्हाइकांसमोर वापरायची नाहीत अशी अभयशेठची सूचना होती, पण एकदा एका कंपनीचे मोठे अधिकारी ऑफिसात बसलेले असताना मॅडम फोनवर ओरडल्या, "मोठ्या काकू पंक्चर? परत? आणि स्टेपनी कुठाय त्यांची?" ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना पाणी दिलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय मजेची नोकरी, रोज असल्या गाड्यांत. प्रत्यक्षात आमचा सगळा वेळ डागांत जायचा. नवरीच्या हातापायांची हळद पांढऱ्या कातडी सीटवर उतरते आणि काही केल्या जात नाही. फुलांची तोरणं लावणारे बॉनेटला चिकटपट्टी मारतात, ती काढताना रंग निघतो. कुणीतरी वरच्या खिडकीतून अंग बाहेर काढून फुलबाज्या पेटवतं. ड्रायव्हरनं यातलं काही थांबवायचं नसतं. त्यानं पांढरे हातमोजे घालून दार उघडायचं, "सर" म्हणायचं आणि मग दोन तास, चार तास, सहा तास गाडीशेजारी उभं राहायचं. या धंद्यातलं खरं काम हे उभं राहणंच. आणि मॅडमना तेच सहन व्हायचं नाही. स्वतः उभं राहणं तर नाहीच, पण आपली माणसं कुठंतरी उन्हात उभी आहेत आणि आपल्याला ती दिसत नाहीत, हेही नाही.

गाड्यांमध्ये ठावठिकाणा दाखवणारी यंत्रं होतीच. पडद्यावर गाड्यांचे निळे ठिपके पुणेभर हलायचे. पण त्या ठिपक्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. प्रत्येक ड्रायव्हरला त्या स्वतः फोन करायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "पोचलात?" समोरून "हो ताई" आलं की फोन बंद. या एका शब्दाच्या उत्तरावरून त्यांना काय काय कळायचं कोण जाणे. एकदा फोन ठेवून मला म्हणाल्या, "परांजपे, याला ताप आहे. दुसरा माणूस पाठवा." दुसरा माणूस पोचला तेव्हा पहिला खरंच स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो मॅडम, जरा स्वस्थ बसलात तरी गाड्या पोचतीलच की."

"पोचतील हो," त्या म्हणाल्या. "पण मी नाही ना पोचत."

याचा अर्थ मी त्यांना विचारला नाही. त्या तोवर गेटपाशी गेल्या होत्या.

कसबा पेठेतले एक गृहस्थ आले होते त्याची गोष्ट सांगतो. तांब्यापितळेच्या भांड्यांचं छोटं दुकान होतं त्यांचं. अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यावर चोरी करायला आल्यासारखा भाव. त्यांना मोठ्या काकू हव्या होत्या, एका सकाळसाठी. खूप आढेवेढे घेऊन सांगितलं ते असं, की मुलीसाठी स्थळ आलंय, मुलाकडचे औंधला राहतात, मोठे लोक आहेत, आणि मुलाचं घर बघायला यांना जायचंय.

"फक्त एक करा," ते खाली बघत म्हणाले. "ड्रायव्हरला सांगा, तिथं कुणी विचारलं तर गाडी आमचीच आहे म्हणायचं."

मी काही बोलण्याआधीच मॅडम मागून म्हणाल्या, "पाटी पिवळी आहे."

"काय?"

"गाडीची नंबराची पाटी. भाड्याच्या गाडीला पिवळी असते. ड्रायव्हर कितीही खोटं बोलला तरी पाटी बोलेल ना."

त्या माणसाचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता उठून जाणार. मॅडम पहिल्यांदाच त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून टेकल्या, अगदी कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारख्या.

"कायले लपवता बापा? भाड्याची आहे म्हणून सांगा. म्हणा, पोरीच्या कामाला निघालो, रिक्षानं यावंसं वाटलं नाही. यात लाज कसली? त्यांनी तोंड वाकडं केलं तर स्थळ कसं आहे ते इथंच कळलं. नंतर कळण्यापेक्षा बरं."

ठरल्या दिवशी गाडी गेली. पण कसब्यातल्या त्यांच्या बोळात मोठ्या काकू शिरणं शक्यच नव्हतं. मॅडमना हे आधीच माहीत होतं, तरी राहवलं नाही म्हणून त्या स्कूटरवरून तिथं गेल्या, आणि अख्खं कुटुंब नटूनथटून बोळातून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आलं तेव्हा पुढं स्कूटरी बाजूला करत मॅडम आणि मागं भरजरी साडीतल्या बाई, अशी ती मिरवणूकच निघाली. शेजारपाजारचे दारात उभे राहून बघत होते. हे मला त्या गृहस्थांनीच पेढे घेऊन आले तेव्हा सांगितलं. औंधला पोचल्यावर त्यांनी दारातच, कुणी काही विचारायच्या आत, सांगून टाकलं होतं, "गाडी भाड्याची आहे बरं का." मुलाचे वडील म्हणे मोठ्यानं हसले आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "आमची बँकेची आहे. या आत."

पेढ्यांचा खोका मी मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी एक उचलला आणि तो हातात तसाच धरून त्या शेडकडे गेल्या. नंतर तो कुठं ठेवला ते सिंधूताईंनाच ठाऊक.

घरचं त्या बोलत नसत. एकट्या राहायच्या, कर्वेनगरला. एवढंच ठाऊक होतं. एका दुपारी मुंबईहून येणारी गाडी घाटात अडकली. पुढं एक टँकर उलटला होता. आमचा ड्रायव्हर सुखरूप होता, तसं त्यानं कळवलंही होतं, पण नंतर फोन लागेना. निळा ठिपका खंडाळ्याजवळ थिजल्यासारखा थांबला होता. मॅडम शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, गाडीला काही झालेलं नाही. दिसतंय की ती."

"गाडी दिसतेय," त्या म्हणाल्या. मग चालता चालताच सांगितलं, माझ्याकडे न बघता. "आमचे मिस्टर ट्रकवर होते. रायपूर, रायगढ, ओडिशा. महिना महिना बाहेर. मी घरी बसून वाट बघायची. एकदा ट्रक आला. क्लीनर घेऊन आला. ट्रक नीट होता हो, एक ओरखडा नाही. माणूस आला नाही."

"अपघात?" मी विचारलं.

"नाही ना. तिकडंच राहिले. तिकडं घर केलंय म्हणे. बरे आहेत." त्या थांबल्या नाहीत, त्याच वेगानं वळून परत आल्या. "मी तेव्हा तीन दिवस उंबऱ्यावर बसून होते. त्यानंतर मला बसवत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. "पोचलात?" त्यांनी विचारलं आणि मग लगेच, "ठीक आहे. जेवून घ्या आधी." मला वाटलं, आता त्या या विषयावर परत कधी बोलणार नाहीत. आणि बोलल्याही नाहीत.

आता घुलेमामांबद्दल. ज्ञानोबा घुले हे आमच्याकडचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातले. उंच, किडकिडीत, मिश्या पांढऱ्या. मी त्यांना कधी आवाज चढवलेला ऐकला नाही. माहेरवाशीण म्हणजे ती पांढरी गाडी त्यांच्याच ताब्यात असायची, आणि आपल्या गाडीतून किती नवऱ्या सासरी गेल्या याचं त्यांना फार अप्रूप होतं. "आपल्या गाडीत रडली न्हाय अशी एकबी पोरगी न्हाय," ते अभिमानानं सांगायचे, जणू ते गाडीचंच कौतुक होतं.

ते लग्न एका बिल्डरच्या मुलाचं होतं. हा बिल्डर आमचं मोठं गिऱ्हाईक. त्याचे बाहेरचे पाहुणे वर्षभर आमच्या गाड्यांतून फिरायचे. लग्न खडकवासल्याच्या अलीकडं एका लॉन्सवर. सकाळचा मुहूर्त, दुपारी पाठवणी, मग नवरानवरी पांढऱ्या गाडीतून कोथरूडला घरी.

दुपारी मॅडमनी नेहमीचा फोन केला. फोन ठेवला आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. एरवी त्या कधी अशा उभ्या राहत नसत, म्हणून मीच विचारलं, "काय झालं?"

"'काय न्हाय ताई' म्हणाले."

"मग?"

"मी विचारलं होतं, जेवलात का. त्याचं उत्तर 'काय न्हाय' कसं असेल?" त्यांनी स्कूटरची चावी उचलली. "चला."

मी का, हे विचारायला वेळ नव्हता. सिंहगड रस्त्यानं त्यांनी स्कूटर ज्या तऱ्हेनं हाणली ते मी इथं लिहीत नाही. मागं बसून मी बराच वेळ डोळे मिटले होते, त्यामुळे नीट सांगताही येणार नाही.

लॉन्सच्या बाहेर पांढरी गाडी फुलांनी मढवून उभी होती. शेजारी घुलेमामा, हातमोजे घातलेले, टोपी सरळ. डाव्या गालावर बोटं उठली होती. विचारल्यावर त्यांनी खूप वेळ टाळलं, मग सांगितलं. नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ आणि त्याचे मित्र आले होते. त्यांना गाडी स्वतः चालवून व्हिडिओ काढायचा होता. मामा किल्ली देईनात. आधी विनवण्या, मग शिव्या, मग तोंडात बसली. सगळ्यांसमोर.

"माज्या पोराच्या वयाचा हाय तो," मामा म्हणाले. "जाऊ द्या ताई. लगीनघर हाय. पोरीची पाठवणी हुईल मग बघू."

मॅडम आत गेल्या, मी मागोमाग. बिल्डर स्टेजच्या पायऱ्यांपाशी आहेरवाल्यांच्या गर्दीत उभे होते. मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो साहेब, तुमच्या पुतण्यानं आमच्या ड्रायव्हरला मारलं. त्याला बोलवा. माफी मागू द्या."

साहेबांना आधी कळेचना ह्या कोण. मग म्हणाले, "मॅडम, लग्नाच्या घरात होतं थोडंफार. पोरं आहेत. मी बघतो नंतर. त्या ड्रायव्हरला काही देऊन टाकू."

"काही द्यायचं नाहीये. माफी."

"हे बघा, गाडीचं भाडं भरलंय ना आम्ही?"

"गाडीचं भरलंय," मॅडम म्हणाल्या. "माणूस भाड्यानं दिलेला नाही."

ते हसले आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले. चुलतभाऊ तिथंच होता, सोनेरी फेटा बांधलेला, जाड मानेचा मुलगा. त्यानं सगळं ऐकलं होतं. मोबाईलमध्ये बघत तो जागचा हलला नाही.

आम्ही बाहेर आलो. मॅडम गाडीभोवती चालत राहिल्या, एक फेरी, दुसरी. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय चाललंय. गाडी घेऊन परत निघणं त्यांच्या हातात होतं. मोठा तमाशा झाला असता, बिल्डरची नाचक्की झाली असती. आतून पाठवणीची गाणी सुरू झाली होती. कुठल्यातरी बाईचा रडण्याचा आवाज आला, बहुतेक मुलीच्या आईचा.

"तिनं काय केलंय?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "तिला कायले रस्त्यावर उभं करायचं?"

मग त्यांनी हात पुढं केला. "मामा, किल्ली द्या. टोपी पण. तुम्ही पुढं शेजारी बसायचं."

"अवो ताई, तिथं त्यो चुलतभाऊ बसनार हाय. तसं ठरलंय."

"तो चालत येईल."

नवरानवरी बाहेर आली. शालूच्या पदराला उपरण्याची गाठ, मागं सगळा गोतावळा. चुलतभाऊ पुढच्या दाराशी आला तर आत घुलेमामा बसलेले, आणि स्टिअरिंगवर टोपी घातलेली एक बाई. तो दार ओढायला लागला. मॅडमनी आतून कुलूप लावलं. वाजंत्री जोरात वाजत होती, त्यामुळे त्याची बडबड कुणालाच ऐकू आली नाही. गाडी हलली. मी मॅडमची स्कूटर घेऊन मागं निघालो.

गाडीत काय झालं ते मला नंतर मामांनी सांगितलं. नवरी बराच वेळ रडत होती. वारज्याच्या पुलाच्या अलीकडं वाहतूक तुंबली, गाडी थांबली, तेव्हा तिचं लक्ष पुढच्या आरशात गेलं असावं. तिनं विचारलं, "काका, तुमच्या गालाला काय झालंय?"

"दाढ सुजलीया, पोरी," मामा म्हणाले.

"त्यांना मारलंय," मॅडम समोर बघत म्हणाल्या. "तुमच्या घरच्यांनी. आत्ता, तासाभरापूर्वी."

"कुणी?"

मॅडमनी नाव सांगितलं. नवरा मुलगा म्हणाला, "अगं, तसं काही नसेल, मी विचारतो त्याला." नवरी रडायची थांबली. मामा म्हणाले, तेवढं त्यांना बरं वाटलं नाही. आपल्या गाडीत बसून अशी कोरड्या डोळ्यांनी कुणी सासरी गेलं नव्हतं.

पुढचं मी स्वतः पाहिलं. कोथरूडला बंगल्यासमोर मांडव होता. दारात बायका भाकरतुकडा ओवाळायला तयार, मागून गाड्या भराभर येऊन लागत होत्या, त्यातल्या एकीतून तो सोनेरी फेटा उतरला. पांढरी गाडी थांबली. मामा सवयीनं चटकन खाली उतरले आणि मागचं दार उघडून, हात पाठीशी घेऊन उभे राहिले. नवरी उतरली. दोन पावलं पुढं जायचं सोडून ती मामांकडे वळली आणि खाली वाकली.

मामा दचकून मागं सरले. पण ती वाकलेलीच राहिली. आणि गाठ बांधलेली होती. उपरणं ताणलं गेलं, नवरा मुलगा ओढला गेला, त्यानं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा भोवतालच्या माणसांकडे पाहिलं, आणि मग तोही वाकला. नव्या जोडप्यानं जोडीनं केलेला नमस्कार. मांडवातल्या कुणालाच कळेना हे म्हातारे कोण, मुलीचे मामा की काका. कुणीतरी कौतुकानं म्हणालंही, "किती संस्कारी आहे." चुलतभाऊ गाडीला टेकून उभा होता. तो तिथून निघून गेला.

मामांनी पांढरा हातमोजा काढला आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मॅडम गाडीतून उतरल्याही नाहीत. टोपी काढून त्यांनी मामांच्या सीटवर ठेवली आणि फोन कानाला लावला. दुसरी गाडी विमानतळावर पोचायची होती.

याचं पुढं जे व्हायचं ते झालं. बिल्डरचा फोन अभयशेठना आला. अभयशेठ त्या दिवशी फार कष्टी दिसत होते. त्यांना मामांचंही वाईट वाटत होतं आणि गिऱ्हाईक जाईल याचीही धास्ती होती. ते मॅडमना म्हणाले, "एक फोन करा फक्त. सॉरी म्हणा. विषय संपेल."

मॅडमनी आमच्या सगळ्यांसमोर नंबर लावला. "नमस्कार. वानखडे बोलतेय. आमच्या शेठनी फोन करायला सांगितलं होतं, म्हणून केला." आणि ठेवला.

अभयशेठनी कपाळावर हात मारला. पण त्यांनी मॅडमना काढलं नाही. उलट, मला वाटतं, मनातून ते त्यांना घाबरायला लागले. काही महिन्यांनी नवी यंत्रणा आली. आता गाड्या नेमायचं काम मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसात बसलेली मुलं करणार होती, ड्रायव्हरला मोबाईलवर आपोआप निरोप जाणार होता. मॅडमना बढती मिळाली. त्यांच्यासाठी काचेची खोली बांधली, आत वातानुकूलन, गुबगुबीत खुर्ची. अभयशेठ खरंच मनापासून म्हणाले, "फार धावलात मॅडम. आता निवांत बसा."

त्या खोलीत त्यांना बघवत नसे. काचेच्या आत त्या चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं चालायच्या. फोन वाजत नव्हते. एकदा त्यांनी एका ड्रायव्हरला फोन लावून "पोचलात?" विचारलं, तर तो बिचारा गोंधळून म्हणाला, "ताई, ॲपवर टाकलंय की." त्यांनी फोन खाली ठेवला आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून बुकिंग लिहीत राहिलो. काय करणार होतो?

एका सकाळी आल्या त्या काचेच्या खोलीत गेल्याच नाहीत. शेडमध्ये एकेका गाडीवरून हात फिरवला, सिंधूताईंशी बोलल्या, घुलेमामांना म्हणाल्या, "रक्तदाबाची गोळी चुकवू नका." माझ्या टेबलाशी येऊन थांबल्या.

"परांजपे, निघते मी."

"कुठं?"

"ते अजून ठरलं नाही," त्या म्हणाल्या. "इथं बसून काही ठरायचं नाही, एवढं ठरलंय."

नंतर बरेच दिवस त्यांचा पत्ता नव्हता. घुलेमामांना अधूनमधून फोन यायचा एवढंच. आणि मग या हिवाळ्यात एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. विद्यापीठ चौकाच्या अलीकडं नेहमीसारखी गर्दी. सिग्नल हिरवा झाला तरी रांग हलेना. माझ्या पुढं तीनचार गाड्या सोडून एक छोटी, जुनी, पोपटी रंगाची मोटार बंद पडली होती. मागच्या काचेवर लाल अक्षरात एल. मागं बस, रिक्षा, मोटारी, सगळे मिळून हॉर्न वाजवत होते.

पोपटी मोटारीच्या डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला, पंजा उघडा, सगळ्या रस्त्याला थोपवणारा. मग खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून वानखडे मॅडम मागच्या बसकडे बघून ओरडल्या, "काऊन बोंबलता? शिकतेय ती!"

स्टिअरिंगवर साठीच्या पुढच्या एक बाई होत्या, नाकावर चष्मा, दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं की जणू ते कुणी हिसकावून घेणार आहे. मॅडम आत वळल्या. त्यांचे शब्द मला ऐकू आले नाहीत. त्यांनी खाली पायांकडे बोट दाखवलं, मग समोर. बाईंनी मान हलवली. गाडी सुरू झाली, परत बंद पडली. मागचा रिक्षावाला काहीतरी घाणेरडं बोलला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही, त्या बाईंशीच बोलत राहिल्या.

मला उतरून त्यांच्यापर्यंत जावंसं वाटलं. मी माझी मोटारसायकल बाजूलाही घेत होतो. तेवढ्यात ती पोपटी मोटार एक गचका देऊन निघाली, सिग्नल पिवळा होत असताना, चौकाच्या ऐन मधोमध पोचली, तिथं क्षणभर थबकली, आणि इंडिकेटर न दाखवता औंधकडे वळून गेली.